मोहोळचे बारा कोरे पत्ते

वसंता, काल वहिनींनी मला तुझ्या यंत्राचा भाव विचारला.

"सगळी खोली लोखंडानं अडलीय, भाऊजी," त्या म्हणाल्या. "क्वार्टर रिकामं करायचंय. तुम्ही दुकानात घेऊन जा. भाव काय तो तुम्हीच लावा, मी घासाघीस करायची नाही."

समोरचा घासाघीस करणार नाही म्हणाला की माझी कळी खुलते, हे तुला माहीत आहे. सांगोल्याहून आलो तेव्हा अंगावरच्या सदऱ्याशिवाय माझ्याकडं काही नव्हतं. गल्लोगल्ली मोडीचं लोखंड गोळा करत, एकेका कडीकोयंड्यासाठी भांडत मी दुकान उभं केलं. पण काल मी भाव सांगितला नाही. "बघतो," म्हणालो आणि तुझ्या मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. सव्वा वर्षानं.

तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. मला कळलं ते चहावाल्याकडून, ग्लास खाली ठेवता ठेवता. "रेल्वे ऑफिसातले ते सायकलवाले साहेब गेले म्हणं की, शेठ. तुमचे दोस्त न्हवं का?" मी दुकान उघडं टाकून धावत आलो, तर तुम्ही सगळे स्मशानाकडं निघून गेलेले. दारात चपला तेवढ्या राहिल्या होत्या. महिनाभर दवाखान्यात होतास म्हणे. मला कुणी निरोप दिला नाही. तूच देऊ नको म्हणालास, की मी येणार नाही असं तुला वाटलं? दोन्हींतलं एक खरं असणार, आणि मला दोन्हींचा राग आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला ते जमत नाही. जिवंतपणी तू कधी नीट भांडू दिलं नाहीस, मी आवाज चढवला की चष्मा पुसत बसायचास. आता तरी ऐकून घे.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो खेळण्यातल्या गाडीसाठी. एका गिरणीच्या बंगल्यातली अडगळ मी लिलावात उचलली होती, तीत एक लाकडी पेटी निघाली. आत परदेशी आगगाडी. विजेवर चालणारं वीतभर इंजिन, तीन डबे आणि रुळांचे तुकडे. चार रविवार तू आलास. दर वेळी नटबोल्ट चाळायचं सोंग करायचास आणि नजर पेटीवर. चाळिशीचा माणूस, खिशाला दोन पेनं, आणि डोळे असे की मला गल्ल्यावरूनच कळलं, हा काहीही देईल.

"पोरासाठी पायजे का?" मी विचारलं.

"मला मूलबाळ नाही."

"मग कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

एवढं सरळ उत्तर गिऱ्हाइकानं द्यायचं नसतं. पुढं घासाघीस करायला जागाच राहत नाही. शेवटी असं ठरलं की गाडी तू न्यायचीस आणि त्याच्या बदल्यात वर्षभर माझे लिलावाचे अर्ज इंग्रजीत लिहून द्यायचेस. सौदा मी जिंकलो असं समजून मी खुशीत होतो. वर्ष कधी संपलं ते दोघांनीही पाहिलं नाही. दर रविवारी दुपारी तू माझे अर्ज लिहायचास आणि मी तुझ्या लांब टेबलावर रूळ ठोकायचो. खिडकीजवळ सोलापूर, कपाटाजवळ मोहोळ. तू मोहोळचा, म्हणून मोहोळ. मी म्हणालो होतो, "पुढं सांगोल्यापर्यंत ने की," तर तू गंभीरपणे म्हणालास, "टेबल संपतं तिथं." वहिनी आतून हसल्या होत्या.

माझं लिहिणंही तिथंच सुधारलं. "सदा, हाय नव्हे, आहे लिही." मी वैतागायचो. आज या ज्या काही चार ओळी नीट लिहितो आहे, ती तुझीच कमाई. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. आता म्हणतोय, त्याचा काय उपयोग.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्या ऑफिसनं तुला तीन महिने मुंबईला धाडलं, कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला. परत आलास तो घरी न जाता वळकटीसकट थेट दुकानात. खिशातून भोकं पाडलेलं एक कार्ड काढून तू माझ्या तराजूत ठेवलंस, जसं काही सोनंच.

"सदा, हे दहा कारकुनांचं काम करतं. पगाराची बिलं!"

"एवढासा कागद?"

"कागद नाही रे. यंत्र खोलीभर मोठं आहे. पण ते नुसतं ठोंब्या. आता हे कर, मग ते कर, असं त्याला हे कार्ड सांगतं. कार्डं बदलली की तेच यंत्र दुसरं काम करायला लागतं. या सांगण्याला प्रोग्रॅम म्हणतात."

मी कार्ड उजेडात धरलं आणि मला हसू आवरेना. "येड्या, हे बघायला मुंबईला गेलतास व्हय? हे तर आपल्या नरसय्याच्या मागावर हाय की!"

तुझं तोंड उघडंच राहिलं ते मला अजून दिसतं. मी तुला तसाच नरसय्याच्या घरी नेला. तो चादरी विणणारा तेलुगू माणूस, आणि नक्षीचे पत्ते कापण्यात त्याचा हात धरणारं पेठेत कुणी नाही. मागाच्या डोक्यावर जेकार्ड, म्हणजे नक्षीचे दोरे उचलणारा लोखंडी सांगाडा, आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. एक पुठ्ठा म्हणजे एक पत्ता. भोक असेल तिथला दोरा वर उठतो, नसेल तिथला उठत नाही. पत्त्यामागून पत्ता पडत जातो आणि खाली चादरीवर मोर उमटतो. तू मोराकडं पाहिलंसुद्धा नाहीस. माळच बघत राहिलास.

"हा प्रोग्रॅमच आहे," तू म्हणालास. "फक्त इथं त्याला कुणी तसं म्हणत नाही."

नरसय्यानं मला बाजूला घेतलं. "शेठ, साहेबांना ऊन लागलं काय?"

कॉम्प्युटर आपल्याला कोण देणार होतं? मी मोडीतून एक जुना जेकार्ड शोधून आणला, चार माणसांनी उचलून तुझ्या खोलीत ठेवला. दोरे उचलणाऱ्या आकड्यांना तू पितळी पट्ट्या जोडल्यास. आकडा वर गेला की पट्ट्या चिकटायच्या आणि रुळात वीज जायची. माळ फिरवायला मोडक्या टेबलफॅनची मोटर. दोन सेकंदांना एक पत्ता. चौकटीच्या कागदावर तू रात्रंदिवस काळे चौकोन भरत होतास. या घरातलं भोक म्हणजे गाडी पुढं, त्या घरातलं म्हणजे मागं, तिसऱ्यातलं म्हणजे हळू. गाडी सोलापूरहून निघणार, मोहोळला थांबणार आणि मग मागं मागं सोलापूरला येणार. कुणी हात न लावता.

त्या "हात न लावता"वरून आपण किती भांडलो.

"माझा हात स्विचवर असला तर बिघडतंय काय?" मी विचारायचो. "मोहोळ आलं की बंद करतो, मग उलटं फिरवतो. लई सोपं."

"हात चुकतो."

"आन् पत्ते चुकत न्हाईत?"

"पत्ते लिहिणारा चुकतो. पण ती चूक मागाहून सापडते, सदा. हाताची सापडत नाही."

"आणि थांबा कशाला मधे? आली की लगेच फिरव माघारी."

"पळता पळता फिरवली तर इंजिन उलटं ओढलं जाईल आणि डबे त्याच्यावर येऊन आदळतील. थांबल्याशिवाय मागं फिरता येत नाही." हे तू मला शिकवल्यासारखं सांगितलंस. पण थांबा त्या पत्त्यांवर कसा लिहिलास, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. त्यालाही एखादं भोक असेल असं मी धरून चाललो.

इथून पुढचं मी तुला कधी बोललो नाही.

पत्ते कापून झाल्याचा निरोप आला तेव्हा तू ऑफिसात होतास. मी आणतो म्हणालो. नरसय्यानं माळ ओसरीवर पसरून दाखवली. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात त्याच्या रिवाजाप्रमाणे पेन्सिलीनं आकडा घातलेला. मी एकेक पत्ता नजरेखालून घालत गेलो, कारण माल न बघता मी काही उचलत नाही. चाळिसाव्या पत्त्यानंतर बारा पत्ते साफ कोरे. एक भोक नाही.

"हे काय रे? भोकं पाडायची मजुरी, आन् भोकं कुटं हायेत?"

"साहेबांनी कागदावर कोरे ठेवले, मी कोरे ठेवले."

"साहेब इसरला असंल. तू पण तसंच दामटलंस व्हय माझ्या गळ्यात?"

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "मला बी चमत्कारिक वाटलंच, शेठ. चादरीत कोरा पत्ता कदी येत न्हाई. एक बी दोरा उठला न्हाई तर नक्षीत खाडा पडतो. आमच्यात कोरा पत्ता म्हंजे चूकच."

"मग काढ की."

"साहेबांना इचारून..."

"साहेबाचा माल मी नेतोय. काढ!"

त्यानं दोरी सोडली, बारा पत्ते काढले आणि चाळिसाला त्रेपन्नावा जोडला. मी जिंकून आल्यासारखा निघालो. काढलेले पत्तेही उचलून आणले, कारण मोडीच्या धंद्यातला माणूस काही टाकत नाही. दुकानातल्या डुगडुगत्या तराजूखाली ते छान बसले.

भोकच नाही म्हणजे वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे गाडी उभी. एवढी साधी गोष्ट. तो थांबा होता, वसंता. तुझ्या मोहोळचा थांबा मी फालतू म्हणून उपटून काढला.

त्या रविवारी सकाळी तू तुझ्या साहेबांना बोलावलंस, शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना बोलावलंस, शेजारपाजारचे होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. मला वाटत होतं, तू सांगशील की हा माझा मित्र सदाशिव, नरसय्याचं दार यानं दाखवलं, हे यंत्र यानं आणलं. तू प्रोग्रॅमबद्दल बोललास, मुंबईबद्दल बोललास. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी दाराशी चहाचा कप धरून उभा. हा डंख गाडी सुटायच्या आधीचा आहे, हे लक्षात ठेव.

मग तू मोटर लावलीस. माळ खटखट फिरायला लागली आणि गाडी खरोखर आपली आपण सोलापूरहून निघाली. लोक "अरे वा" म्हणाले. मोहोळ आलं. थांबली नाही. जागच्या जागी हिसका बसला, इंजिन उलटं ओढलं गेलं, डबे त्याच्यावर चढले आणि सगळं धूड टेबलावरून खाली शहाबादी फरशीवर. इंजिनाचा बिडाचा सांगाडा तडकला त्याचा आवाज मला कळला, माझ्या धंद्यातलाच आवाज तो. माळ मात्र खटखट चालूच. मी पुढं झेपावून वायर उपसायला गेलो.

"हात लावू नकोस!" तू ओरडलास. तू, जो कधी ओरडत नव्हतास. "भंगार विकणाऱ्याला यातलं काय कळतंय?"

तुझ्या साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"भंगारातनंच उचलली हुतीस की तुझी गाडी!" मी म्हणालो, कप तसाच खिडकीत ठेवला आणि निघालो. वहिनी मागून "भाऊजी, भाऊजी" म्हणत फाटकापर्यंत आल्या. तू आला नाहीस.

दुकानी पोचायच्या आत मला उमगलं होतं. थांबल्याशिवाय मागं फिरता येत नाही, हे तुझं वाक्य डोक्यात फिरत होतं आणि तराजूखाली ते बारा पत्ते. त्याच पावली परतायला हवं होतं. पण तो शब्द. मोडीचा माल विकतो हे मी कुणापासून लपवत नाही, पण तुझ्या तोंडून चारचौघांत? मनात म्हटलं, बसू दे आता आपल्या आकडेमोडीत चूक शोधत. आणि मनातल्या मनात मला त्याचं बरंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्यानंतरचे रविवार तुला सांगत नाही. पूर्वी मी रविवारी दुकान बंद ठेवायचो, आता उघडं ठेवायला लागलो. गिऱ्हाईक नसायचं. लिलावाचे अर्ज एका वकिलाच्या कारकुनाकडून लिहून घ्यायचो. त्याचं अक्षर तुझ्याहून चांगलं. त्याच्याशी भांडायला काही मिळत नव्हतं.

तू एकदा आला होतास. पावसाळा संपत आला होता. सायकल दुकानासमोर थांबवलीस, एक पाय जमिनीवर टेकलेला, उतरला नाहीस. बारीक झाला होतास, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"सदा," तू म्हणालास, "माझं काही राहिलंय का तुझ्याकडं?"

मी वजनं लावत होतो. मान वर केली नाही. "भंगारवाल्याकडं तुमच्यासारख्यांचं काय ऱ्हाणार, साहेब?"

तू सायकलचं हँडल सरळ केलंस. मग पायडल मारलंस. मला वाटलं, माणूस माफी मागायला आला आणि त्याला ते जमलं नाही. परत येईल. यायलाच पाहिजे, चूक त्याची. मी वाट बघत राहिलो. सौद्यात मी नेहमी असंच करतो. समोरचा उठून जायला निघाला तरी गप्प बसायचं. बहुतेक जण परत येतात.

तर काल मी तुझ्या खोलीत उभा होतो. टेबलावर रूळ सरळ केलेला. इंजिनाचा तडा तू पितळ ओतून सांधला होतास, काम बेताचंच, पण घट्ट. तारा नव्या ओढलेल्या. सगळं तयार. माळ जेकार्डवर चढवलेली होती आणि मी ती सवयीनं नजरेखालून घालत गेलो. चाळिसाव्या पत्त्यापाशी ती संपली. दोरीची टोकं सुटी लोंबत होती. पलीकडं त्रेपन्नावा पत्ता, त्याचीही टोकं सुटी, आणि मधे गाठी मारायला हातभर दोरी वळून ठेवलेली.

आकडे, वसंता. कोपऱ्यातले ते पेन्सिलीचे आकडे. पत्त्यांवरची चूक मागाहून सापडते म्हणाला होतास, ती तुला त्याच दिवशी सापडली असणार. चाळीसनंतर त्रेपन्न. आणि माळ आणायला कोण गेलं होतं, हे तुझ्याहून चांगलं कुणाला ठाऊक?

कोरे पत्ते ते. भोकंसुद्धा पाडायची नव्हती. कात्री आणि पुठ्ठा घेऊन बसला असतास तर दुपारच्या चहाच्या आत बारा कापून झाले असते. गाडी दुरुस्त केलीस, तारा ओढल्यास, सगळं केलंस आणि तेवढंच सोडलंस. जोडलेली माळ पुन्हा उसवून जागा करून ठेवलीस. मग सायकलवर बसून माझ्या दुकानाशी आलास आणि विचारलंस, माझं काही राहिलंय का तुझ्याकडं.

की मी उगाच तुझ्या पदरात चांगुलपणा घालतो आहे? कदाचित तू दमला असशील. दुखणं सुरू झालं असेल, काम अर्धं राहिलं असेल. मी माल हातात घेतला की त्याचं खरंखोटं ओळखतो. ही हातभर दोरी मी कितीदा हातात घेतली, मला ओळखता आलं नाही. आणि आता विचारायला कुणी नाही.

मी वहिनींना "आलोच" म्हणालो आणि दुकानात गेलो. तराजूखालचे पत्ते काढले. वरच्या पत्त्यावर गंजाचं गोल वर्तुळ उमटलेलं, बाकीचे दबून आणखी सपाट झालेले. परत येऊन तुझ्या खुर्चीत बसून एकेक ओवला. माझी बोटं जाड, नरसय्यानं चिमटीत केलं असतं त्याला मला तासभर लागला. वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"चालतं का हो अजून ते?"

"बघू," म्हणालो. "वहिनी, भावाचं राहू द्या. हे मोडीत जाणार न्हाई. माझी माडी रिकामीच हाय, तितं टेबलासकट नेतो."

मोटर लावली. खिडकीपासून गाडी निघाली. मला सारखं वाटत होतं, हात पुढं करून धरावी. हात मांडीखाली दाबून बसलो. चाळिसावा पत्ता सरला आणि तुझी गाडी मोहोळला उभी राहिली. अगदी फलाटाशी. कुणी हात न लावता.

मग कोरे पत्ते पडायला लागले. नुसता खट् आवाज, बाकी खोलीत काही हलत नाही. पहिले दोन तसेच गेले. तिसऱ्याला मी म्हणालो, "वसंता, पत्ते मी काढले हुते." वहिनी ऐकत होत्या. ऐकू देत. सहाव्याला म्हणालो, "तू मला चारचौघांत भंगारवाला म्हणलास, ते मी इसरलो न्हाई." तेही सांगायचंच होतं. त्यानंतर आणखी काही बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो, तोवर राहिलेले पत्ते एकामागून एक पडून गेले.

मग त्रेपन्नावा पडला, आणि गाडी सावकाश माघारी निघाली.